डिझेल, अकरा लिटर

यॉर्न मकरपुऱ्याच्या कारखान्यात
ट्रान्सफॉर्मरची चाचणी लावायला आला
आणि राहायला आमच्या समा रोडच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर.
मी बत्तीस वर्षं जर्मन शिकवलेली,
म्हणून दुभाषी मीच, डबाही माझ्याकडूनच.

पहिल्याच आठवड्यात त्याचं लायसन्स पाहिलं.
जर्मनमध्ये त्याचं जे नाव, त्यात तो शब्द अजून आहे,
'फ्यूरर', गाडी चालवायच्या परवान्यात दडून बसलेला.
वर्गात मुलं इथे हटकून हसायची. मी पान उलटायची.
"एवढ्यापुरताच ठेवलाय," तो म्हणाला,
"गाडी, क्रेन, डोंगरातली वाट.
माणसांच्या पुढे चालणाऱ्यासाठी
आम्ही दुसऱ्यांच्या भाषेतून शब्द उसना आणतो."

मी म्हटलं, आमच्याकडे पुढारी आहे.
चांगला शब्द होता, पांढरे कपडे घालून घालून मळला.
पण त्याच घरातला पुढाकार अजून धड आहे,
कुणीही घ्यावा, काम झालं की परत ठेवावा.
त्याने वहीत लिहून घेतला.
ढ काही केल्या जमेना.

बावीस बिऱ्हाडं. त्यांत मराठी तीन.
जयंतीलाल दर दिवाळीला मठिया देताना म्हणतात,
"शिर्केबेन, तमे तो राज कर्युं छे!"
मी हसते. तेही हसतात.
त्या हसण्याच्या तळाशी कुणाच्या तरी उभ्या पिकातून
गेलेले आमचे घोडे असतात, चौथाईची वही असते.
म्हणून मी अठरा वर्षं खजिनदार.
अध्यक्षपदाचा विषय निघाला
की माझे गुडघे दुखू लागतात.

ऑगस्टात विश्वामित्री चढली.
पार्किंगमध्ये स्कूटर बुडाल्या, मगर आल्याची हूल उठली,
मेणबत्तीपाशी जिन्यात बसून यॉर्न त्याच्या गावाचं बोलला.
नाइसे नदी, मध्ये पूल, पलीकडे पोलंड.
तिकडेही एकदा असंच पाणी.
आमच्याकडे मोठे पंप, तो म्हणाला,
आणि आम्ही काठावर थांबलेलो, रात्रभर.
सकाळी पलीकडची एक बाई ओरडली,
का नाही आलात?
"काय सांगणार?
आजोबांच्या वेळी न बोलावता आलो होतो."

पहाटे नदी उतरली.
पाणी मात्र तीन सोसायट्यांच्या खळग्यात अडकून,
आमच्या, अलकनंदाच्या, भिंतीपल्याडच्या नूर पार्कच्या.
यॉर्नने कारखान्यातला पंप आदल्या दिवशीच आणून ठेवलेला,
दुसऱ्या पायरीवर, ताडपत्रीखाली.
सगळे त्याच्याकडे बघत होते, तो पंपाकडे.
"पाणी सोडायचं कुठे?" त्याने मला विचारलं.
"भिंतीपलीकडे? त्यांना विचारलंय?"

विचारलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग साडी खोचून मीच गेले, छातीभर पाण्यातून
भिंतीपर्यंत. फिरोजभाई पाण्याच्या टाकीवर बसलेले.
म्हणाले, नाल्यात सोडा ना,
फक्त जाळीची किल्ली अलकनंदावाल्यांकडे.
अलकनंदाच्या कोकिळाबेन किल्ली देईनात,
आधी आमचं तळघर, मग तुमचं.
पाऊण तास भांडण. यॉर्न गप्प, हातात पाइप,
परीक्षेला बसल्यासारखा.
शेवटी कोकिळाबेनच वैतागल्या, किल्ली फेकली,
आणि त्याच्यावर खेकसल्या,
"आगळ आव ने, भाई! ऊभो शुं छे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाल्या?
बत्तीस वर्षं शिकवलेली भाषा क्षणभर तोंडात अडली.
नको तो शब्द टाळून
मी एवढंच सांगितलं,
पुढे ये म्हणतात. बोलावतायत.

दुपारी फरशी दिसली. गाळ, चपला, एक मेलेला मासा.
कुणीतरी सेव-उसळ आणली, त्याला रांगेत पुढे घालू लागले,
तो फिरोजभाईंच्या मागेच उभा राहिला, वाटी धरून.

रात्री वही उघडली.
डिझेल, अकरा लिटर. भागिले तीन.
यॉर्नने भागिले चार करायला लावलं,
तोही पाण्यातच राहत होता म्हणून.
खाली दोन रेघा. खजिनदार, अध्यक्ष.
जयंतीलाल मुलाकडे आणंदला अडकलेले.
पहिल्या रेघेवर सही केली.
मग दुसरीकडे बघत
बराच वेळ पेनाचं टोपण लावत, काढत बसले.